कूलरच्या स्टँडाला बांधलेली तार

मोठी आई रागीट आहे असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. "मोठी आई सुरू झाली" म्हणतात, जसं नळ आले म्हणतात. नळ दिवसाआड येतात, ती रोज येते. मग मोठे बाबा पेपरचं पान उलटतात, मुकेश मोबाईलमध्ये डोकं घालतो, आणि थोड्या वेळानं सगळं ओसरतं. तिच्या रागाकडे असं हवामानासारखं पाहायची आम्हाला सवय लागली होती. म्हणून तीन उन्हाळे ती जे सांगत होती ते आम्हाला ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही हेही खोटंच आहे. येत होतं.

तिचं नाव देवकाबाई. माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. आमच्याकडे अशा काकूला मोठी आई आणि तिच्या नवऱ्याला मोठे बाबा म्हणतात. मोठे बाबा म्हणजे वासुदेवराव. वर्ध्याजवळ नालवाडीत एका कंपाउंडात दोघा भावांची दोन घरं, मधे भिंतसुद्धा नाही. शेत सात किलोमीटरवर. मुकेश त्यांचा मुलगा, वर्ध्यात मोटारसायकलच्या शोरूमवर असतो. वर्षाली ही त्याची बायको, हिंगणघाटची, लग्नाला तीन वर्षं झाली.

घरात कपडे धुवायचं मशीन आहे, पण मोठ्या आईचा त्याच्यावर काडीचा भरवसा नाही. मशीनमधून निघालेला कपडा ती परत दोन पाण्यांतून काढते, पिळते आणि उन्हात टाकते. तिच्या मते कपडा पाण्यानं अर्धाच धुतला जातो, उरलेलं काम ऊन करतं. सदरे उलटे करून, खालच्या काठानं टांगायचे. चादरी कडेला. साड्या मधे, आणि पोलकी, परकर साडीच्या पदराआड, म्हणजे ऊन लागेल आणि नजर लागणार नाही. हे सगळं ती इतकं झटपट करायची, की पाहणाऱ्याला वाटावं ही बाई कपडे वाळत घालत नाही, कोणाला तरी शिक्षा करते आहे.

पूर्वी तिची दोरी घराच्या पुढच्या अंगणात होती. दोन सागाच्या बल्ल्या गाडलेल्या, मधे दोरी, दिवसभर ऊन. मे महिन्यात शेवटचा कपडा टाकेपर्यंत पहिला वाळलेला असायचा. मग समोरचा रस्ता सिमेंटचा झाला, आणि पलीकडे ताराचंदनं किराणा दुकान टाकलं. दुकानापुढे लाकडी बाक. त्या बाकावर आसपासचे सगळे रिकामे लोक बसतात, आणि त्यांत सगळ्यात नेमानं मोठे बाबा बसतात. एके दिवशी बाकावर बसल्या बसल्या त्यांची नजर समोर गेली आणि त्यांना आपलंच घर दिसलं. घरापुढे त्यांच्याच बायकोचा परकर वाऱ्यानं साडीआडून निघून, फुगून डुलत होता.

कोणी काही बोललं नव्हतं. कोणाचं तिकडे लक्षही नसावं. पण मोठे बाबा चहा अर्धा टाकून घरी आले.

"अवं, दोरी मागं घ्या लागते," ते म्हणाले. "घरात नवीन सून आली. बायायचे कपडे असे रस्त्यावर बरे दिसत नाई. लोकं काय म्हणतीन?"

"कोनती लोकं?" मोठ्या आईनं विचारलं.

"बाकावर बसतात ते."

"बाकावर तर तुम्हीच बसता."

वर्षालीला कोणी विचारलं नाही. लग्नाला दोन महिने झालेल्या सुनेच्या नावावर आमच्याकडे काहीही खपवता येतं.

मागची जागा म्हणजे घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला चार हातांचा बोळ. तिथं ऊन बारा ते दोन येतं, तेही घाईत. त्याच बोळात मधल्या खोलीच्या खिडकीला कूलर लागतो, लोखंडी अँगलच्या स्टँडवर. वर्ध्याचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कूलरचं महत्त्व सांगावं लागत नाही. मार्चमध्ये त्याच्या गवताच्या ताट्या बदलल्या की तो सुरू होतो आणि जूनपर्यंत घरातला सगळ्यात मानाचा माणूस तोच असतो.

मोठ्या बाबांनी बल्ल्या उपटून मागं टाकल्या आणि शेतातून तार आणली. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पीक ठेवत नाहीत, म्हणून शेताभोवती झटका मशीनची तार असते. बॅटरीवर चालणारं मशीन, सेकंदाला एक झटका तारेत सोडतं. डुकराच्या नाकाला लागला की डुक्कर ओरडत पळतं, मरत नाही. त्यातली उरलेली तार त्यांनी एका टोकानं भिंतीतल्या अँगलला बांधली आणि दुसऱ्या टोकानं कूलरच्या स्टँडाला. ताणताना दुसरं टोक मी धरलं होतं. तेवढा माझाही हातभार.

"लोखंडाले लोखंड," मोठे बाबा तार वाजवून म्हणाले. "आता पन्नास वर्षं हालत नाई."

मार्चच्या शेवटी कूलर सुरू झाला. चौथ्या दिवशी मोठी आई ओल्या हातानं आत आली.

"तारेले हात लावला की मुंग्या येऊन राह्यल्या जी."

मोठे बाबा कूलरसमोर आडवे होते. "कूलर हाय. लोखंडाचा हाय. थोडंबहुत राह्यतेच. चप्पल घालत जाय."

हा उपाय त्यांनी शोधलेला नाही. आमच्याकडे घरोघरी कूलरजवळ एक स्लिपरचा जोड पडलेला असतो, आणि पाणी भरणाऱ्यानं तो पायात घालावा असा अलिखित कायदा आहे. कूलर दुरुस्त करावा असं कोणाच्या डोक्यात येत नाही. चप्पल आहे ना.

"चप्पल घातली तरी येतात," ती म्हणाली.

"मंग जरा सांभाळून. अन् करंटचं मले नको शिकवू. रोज संध्याकाळी झटका मी चालू करतो. माह्या हाताले किती खेपा लागला. काही होत नाई, माणूस जरासा हालते."

इथंच सगळी गडबड होती. झटक्याचा करंट लागतो आणि सोडून देतो, तसा तो बनवलेलाच असतो. कूलरचा करंट घरातला, तो धरून ठेवतो. मुकेशनं आयटीआय केलेलं आहे, त्याला हे माहीत होतं. पण बापासमोर बोलायचं त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आईला तो म्हणाला, "रविवारी पाहू." तीन वर्षांत रविवार किती येतात ते कॅलेंडरवाले सांगतील.

दुसऱ्या उन्हाळ्यात मोठ्या आईनं स्वतःच तोड काढली. कपडे टाकायच्या आधी ती कूलर बंद करू लागली. पण बोळात ऊन येणार बाराला, आणि मोठे बाबा शेतातून येऊन, जेवून, कूलरसमोर झोपणारही बारालाच. बाहेर पंचेचाळीस.

"कूलर कोनं बंद केला?" आतून आवाज यायचा.

"मी."

"काऊन?"

"जित्ती राहावं म्हणून."

"अवं, इकडे मी मरून राह्यलो दहा मिनटात."

"मंग पहिला नंबर कोनाचा ते ठरवा."

हे आम्हाला शेजारी आमच्या घरात ऐकू यायचं आणि आम्ही हसायचो. माझी आईसुद्धा हसायची. चार-पाच दिवस असं चाललं, मग बहुमत कूलरच्या बाजूनं गेलं. मोठी आई मग पऱ्हाटीची सुकी काडी हातात घेऊन कपडे टाकायला लागली. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी झाडं उरतात त्या पऱ्हाट्या आमच्याकडे ढिगानं असतात. एका हातानं साडी तारेवरून भिरकावायची आणि काडीनं पसरवायची, तारेला बोट न लावता. तोंड चालूच. तिला तसं पाहून मोठे बाबा एकदा म्हणाले, "सर्कशीत जाय." वर्षालीला तिनं बजावून ठेवलं होतं, "तू तारेले हात नको लावजो. कपडे मीच टाकीन." आणि खरंच, दोन उन्हाळे तिनं सुनेला बोळात पाऊल टाकू दिलं नाही. लोक म्हणायचे, देवकाबाईला सुनेच्या हातचं काम पसंत नाही.

यंदा मेमध्ये तिला एक दिवस गिरडला जावं लागलं. बहिणीच्या नातवाचा नवस होता, दर्ग्यावर. पहाटेच्या बसनं गेली आणि जाताना सांगून गेली, "कपडे राहू दे. उद्या पाहीन मी."

मुकेशच्या शोरूमचा सदरा एकच धड होता आणि त्याच संध्याकाळी शोरूमवर त्यांचे कोणी साहेब येणार होते. वर्षालीनं तो धुतला. एक सदरा धुवायचा तर चार कपडे आणखी धुतले. बाराला ती बादली घेऊन बोळात गेली, अनवाणी, कारण धुणं नुकतंच आटोपलेलं, पाय ओले. कूलरखाली पाणी साचलेलं होतंच. सदऱ्याला जागा करायला तिनं तार डाव्या हातानं जरा खाली ओढली.

ती ओरडली नाही. ओरडताच आलं नाही असं तिनं नंतर सांगितलं. माझी आई मागच्या बाजूला वाळवण पाहायला गेली होती, तिला वर्षाली दिसली, हात वर, तोंड उघडं, सगळं अंग थरथरतंय. आईच्याच तोंडून किंकाळी फुटली. तेवढ्यात वर्षालीचे गुडघे गेले, ती अंगाच्या भारानं खाली बसली आणि हात सुटला. बादली लवंडली. आम्ही धावलो. तिच्या तळहातावर चारही बोटांखालून एक पांढरी रेघ उमटली होती, तारेच्या जाडीची, आणि कोपर भिंतीला घासून सोललं होतं.

खिडकीच्या आतून मोठ्या बाबांचा झोपेतला आवाज आला, "काय पडलं?"

डॉक्टरकडे नेलं, त्यांनी ईसीजी काढून हृदय तपासलं, ठीक आहे म्हणाले. आणि म्हणाले, तुमचं नशीब. सगळे मोठ्या आईच्या पाचच्या बसची वाट पाहत होते.

मोठी आई आली, हातात नवसाचा प्रसाद. वर्षालीचा हात तिनं उजेडात नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. आम्ही सगळे तयारीत होतो, पण नळ आले नाहीत.

मोठे बाबाच बोलले. "पायात चप्पल नव्हती तिच्या. हजार खेपा सांगतलं मी."

"शेतात पाटी लावली तुम्ही," मोठी आई म्हणाली. "लाल अक्षरात. सावधान, तारेत करंट हाय. लावली का नाई?"

"लावाच लागते."

"डुकरायले वाचता येते का?"

"ते पाटी माणसायसाठी राह्यते, अवं. डुकरायसाठी काऊन राहीन?"

"मंग आम्ही कोन?"

मुकेश मोबाईल काढायला खिशात हात घालू लागला आणि थांबला.

"उद्याचे कपडे तुम्ही टाकसान," ती म्हणाली. "त्याच तारेवर. कूलर चालू ठेवून."

"टाकीन ना. त्यात काय हाय? चप्पल घालीन अन् टाकीन."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुकेशचा तो सुप्रसिद्ध रविवार शेवटी उगवला. बारा वाजता बोळाच्या तोंडाशी आम्ही सगळे उभे राहिलो: माझे आईवडील, मुकेश, हाताला पट्टी बांधलेली वर्षाली, मी. मोठी आई कंपाउंडच्या भिंतीला टेकून, पदर कमरेला खोचून. कूलर घरघरत होता. मोठे बाबा डोक्याला दुपट्टा बांधून, पायात स्लिपर घालून आले. बादलीतून त्यांनी चादर उचलली. ती त्यांना पिळता येईना, अर्धं पाणी स्वतःच्या पायजम्यावर सांडलं. कोणी हसलं नाही. चादर घेऊन ते तारेजवळ गेले, हात वर केला. बोटं तारेपासून वीतभर राहिली आणि तिथंच थांबली.

"थांबा जरा," ते म्हणाले. चादर बादलीत टाकून आत गेले.

आम्हाला वाटलं, चिमटे आणायला गेले असतील. मग कूलरचा आवाज खाली खाली येत गेला. पंख्याची पाती दिसायला लागली, मोजता येतील इतकी हळू झाली आणि थांबली. मोठे बाबा बाहेर आले. त्यांनी तार दोन्ही हातांनी घट्ट धरली, चादर टाकली, दोन्हीकडून सारखी केली.

"पाहा," ते म्हणाले. "झालं काही?"

"पिन काऊन काढली?" मोठ्या आईनं विचारलं.

"अं?"

"कूलरची पिन. बोर्डातली. काऊन काढली?"

"पाणी भराचं होतं कूलरमधी."

मुकेशनं वाकून कूलरमध्ये पाहिलं. तो वर झाला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "बाबा," तो म्हणाला, "पाणी सकाळीच भरलं मी. काठोकाठ हाय."

तीस वर्षांच्या आयुष्यात मुकेशनं बापाला उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पण तिकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. आम्ही सगळे मोठ्या आईकडे पाहत होतो. तिचा आवाज तीन घरं पलीकडे जातो, तो त्या वेळी बोळाच्या तोंडापर्यंत जेमतेम पोचला.

"म्हंजे तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

मोठे बाबा चादरीची कड परत सारखी करू लागले. ते इतके दिवस चुकत आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. जुना माणूस, करंटचं त्यांना कळत नाही, झटक्याची सवय. कळत नाही म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. आणि आपला हात तारेला लागायची वेळ आली तेव्हा त्यांना सगळं कळलं. पिन कुठं आहे तेसुद्धा.

मोठी आई आतून पक्कड घेऊन आली. स्टँडाजवळ तार कापली. चादर खाली चिखलात पडली, ती तशीच राहू दिली. बादली उचलून ती घराला वळसा घालून पुढच्या अंगणात गेली. आम्ही मागोमाग. पुढं दोरी नव्हती, बल्ल्या नव्हत्या. तिनं कपडे मिळेल तिथं टाकले: फाटकावर, मुकेशच्या गाडीवर, कंपाउंडच्या भिंतीवर, मोठ्या बाबांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. परकर फाटकावर, अगदी मधोमध. मोठ्या बाबांची पट्ट्यांची चड्डी त्याच्या शेजारी.

मग तिनं सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि जुन्या खड्ड्याची जागा पायानं शोधून काढली.

मे महिन्याची जमीन, दगडासारखी. तीन घावांत मूठभर माती निघाली. मुकेश पुढं झाला तर तिनं सब्बल दिली नाही. "बल्ल्या आन मागून," एवढंच म्हणाली. मी आणि मुकेश बल्ल्या घेऊन आलो. वर्षाली कोणाला न विचारता रस्ता ओलांडून ताराचंदच्या दुकानात गेली आणि नायलॉनची दोरी घेऊन आली.

मोठे बाबा दारात उभे होते. "अवं, ऊन तर पाह्य किती हाय," ते म्हणाले.

"ऊनच पाह्यजे मले."

पहिला खड्डा हातभर झाला. बल्ली उभी केली, ती एका बाजूला कलायला लागली. मी धरणार तेवढ्यात तिनं मान न वळवता सांगितलं, "ते धरतीन."

मोठे बाबा पायऱ्या उतरून आले. उन्हात, दुपट्ट्याखालून घाम गळत, त्यांनी बल्ली धरली.

"सरळ धरा."

त्यांनी सरळ धरली. ती भोवती दगड टाकून सब्बलीनं ठोकू लागली. पलीकडच्या बाकावरून दोन-तीन माना वळलेल्या होत्या. ताराचंद गल्ल्यावरून ओरडला, "वासुदेवराव, मांडव टाकून राह्यले का?"

"हो," मोठे बाबा म्हणाले. "तसंच समजा."

मोठी आई ठोकायची थांबली. "परकर वाळत घालाचे हाय, भाऊ," तिनं रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं. "आमचे."

"बराबर हाय," ताराचंद म्हणाला. "अगुदर तिथंच तर होती तुमची दोरी. मधी दिसेना, तं मले वाटलं घरी कोनी बिमार हाय का. विचारावं विचारावं म्हटलं अन् राहून गेलं."

मोठ्या बाबांनी बल्लीकडे पाहिलं. मोठ्या आईनं त्यांच्याकडे पाहिलं. बाकावरच्या माणसांनी तीन वर्षांत जे काय म्हटलं होतं ते एवढंच होतं. ती पुढचे घाव इतक्या जोरात घालू लागली, की बल्ली धरणाऱ्याच्या हातांना हिसके बसत होते. त्यांनी हात सोडला नाही.

मुकेशनं त्याच आठवड्यात मिस्त्री आणला. कूलरच्या पंपाची वायर आतून सोललेली होती, आणि अर्थिंग घराला कधी नव्हतंच. दोन्ही झालं. अर्ध्या दिवसाचं काम. बाकावर बसून मोठे बाबा आता लोकांना सांगतात, कूलरचं अर्थिंग करून घ्या, मी घेतलं. मोठी आई त्यांच्याशी सरळ बोलत नाही. "वर्षाली, त्यायले म्हण, जेवून घ्या," असं त्यांच्या समोर उभी राहून सांगते. आम्हाला वाटलं होतं, दोन-चार दिवस चालेल. पंधरा दिवस झाले.

वर्षालीच्या हाताची पट्टी सुटली आणि ती सासूबरोबर दोरीवर कपडे टाकायला लागली. पहिल्या दिवशी मी ओट्यावर बसलो होतो. लाकडाच्या बल्ल्या, नायलॉनची दोरी, आसपास दहा हातांत विजेचं काही नाही. वर्षालीनं टॉवेल उचलला, आणि टाकायच्या आधी बोटांची मागची बाजू दोरीला किंचित लावून पटकन मागं घेतली. मग टॉवेल टाकला. दुसरा कपडा घेतला, परत तसंच. आपण काय करतो आहोत हे तिलाही कळत नव्हतं.

मोठ्या आईनं ते पाहिलं. तिच्या हातात मोठ्या बाबांचा सदरा होता, नुकता पिळलेला. तिनं तो दोन्ही खांद्यांना धरून असा फटकारला, की वरचं बटण तुटून रस्त्यावर गेलं. सदरा तिनं उलटा करून दोरीवर टाकला आणि बटण शोधायला ती गेली नाही. मोठे बाबा तो तसाच घालतात, वरून उघडा, आणि बटण कुठं गेलं ते विचारत नाहीत.